सॅलरी स्लिपवरचा वायटीडी जुळत नाही: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

महिन्याचा पगार बरोबर, कपाती बरोबर, बँकेत गेलेली रक्कमही बरोबर. पण त्याच स्लिपच्या शेजारच्या रकान्यातला वायटीडी, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज, कशाशीच जुळत नाही. अशा वेळी पहिला संशय सूत्रावर जातो आणि बहुतेकदा तो चुकीचा ठरतो. सॉफ्टवेअरने बेरीज नीटच केलेली असते, फक्त भलत्याच स्लिपांची. म्हणून खालचा क्रम ‘मोजणीत कोणत्या स्लिपा आल्या’ इथून सुरू होतो आणि सूत्रापर्यंत शेवटी पोचतो. पहिल्या चार तपासण्यांना रिपोर्ट आणि सेटिंग बघण्याच्या परवानगीपलीकडे काही लागत नाही.

लक्षणं

- स्लिपवरचा वायटीडी आणि महिन्यांच्या स्लिपांची हाताने केलेली बेरीज यांत फरक.
- या महिन्याचा वायटीडी मागच्या महिन्याइतकाच. आकडा पुढे सरकलेलाच नाही.
- नव्या वर्षाच्या पहिल्या स्लिपवर गेल्या वर्षाची बेरीज तशीच आलेली, किंवा वर्षाच्या मध्येच शून्यापासून सुरुवात.
- एकूण पगाराचा वायटीडी बरोबर, पण एखाद्याच पे-हेडचा (मूळ पगार, भत्ता, कपात अशा एका घटकाचा) चुकलेला.
- जुनी स्लिप पुन्हा छापली की तिच्यावर तेव्हाचा नाही, आजचा वायटीडी येतो.
- स्लिप, पगार रजिस्टर आणि लेजर (खातेवही), तिघांचे तीन आकडे.
- फरक अगदी किरकोळ, पण दर महिन्याला थोडा वाढणारा.

हात लावण्याआधी

‘पुन्हा गणना करा’ हे बटण दाबू नका. ज्या सॉफ्टवेअरमध्ये वायटीडी स्लिपवरच साठवलेला असतो, तिथे हे बटण जुना आकडा पुसून टाकतं. मग नेमकं काय चुकलं होतं हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच चूक परत येते. वर्षभराचं पगार रजिस्टर आधी शीटमध्ये काढून घ्या. त्यात स्लिप क्रमांक, कर्मचारी क्रमांक, पासून-तारीख, पर्यंत-तारीख, पगार दिल्याची तारीख, स्लिपची स्थिती, पे-हेडचा कोड आणि रक्कम हे रकाने हवेतच.

आता एक कर्मचारी आणि एकच पे-हेड निवडा. सगळ्या कंपनीचा फरक एकदम शोधायला बसलात तर चार वेगळ्या चुका एकमेकींना झाकून टाकतात. जमलं तर दोघे निवडा: एक ज्याचा आकडा चुकतोय तो, आणि दुसरा वर्षभर काहीच बदल न झालेला, ज्याचा आकडा बरोबर येतोय तो. दोघांत वेगळं काय आहे, हाच पुढचा शोध.

फरकाचा आकडा काय सांगतो

स्लिपवरचा वायटीडी वजा हाताने केलेली बेरीज. हा फरक शेवटच्या दशांशापर्यंत लिहून ठेवा, कारण निम्मं निदान त्यातच असतं.

फरक एखाद्या महिन्याच्या रकमेइतका असेल तर एक स्लिप सुटली आहे किंवा दोनदा धरली गेली आहे. एखाद्या दुरुस्तीच्या रकमेच्या बरोबर दुप्पट असेल तर उलट नोंदीचं चिन्ह चुकलंय. समजा ओव्हरटाइमचे ३,००० चुकून दिले आणि नंतर परत घेतले. ते वजा व्हायच्या ऐवजी अधिक झाले, तर वायटीडी ६,००० ने जास्त दिसतो.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल आणि कुठेतरी आकडे हाताने भरलेले असतील, तर अंकांची अदलाबदल शोधा. ४५,३०० च्या जागी ५४,३०० पडलं की फरक ९,०००. शून्य कमी पडून ४२,००० चे ४,२०० झाले की फरक ३७,८००. दोन्हींना ९ ने भाग जातो. हिशेबनिसांची ही जुनी युक्ती पगारातही चालते. पण तो केवळ इशारा आहे, पुरावा नाही. नऊपैकी एका आकड्याला योगायोगानेही ९ ने भाग जातोच.

फरक चलनाच्या एक-दोन एककांच्या आत असेल तर थेट राउंडिंगच्या तपासणीकडे जा.

१. स्लिपची स्थिती

सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि सर्वाधिक वेळा चूक सापडते ती इथेच. रजिस्टरमध्ये त्या कर्मचाऱ्याच्या स्लिपा मोजा आणि प्रत्येकीची स्थिती बघा: ड्राफ्ट, पक्की की रद्द. वायटीडी सहसा पक्क्या स्लिपांचाच काढला जातो. एखाद्या महिन्यात पगार बँकेतून गेला, पण स्लिप ड्राफ्टमध्येच राहिली, तर पैसे कर्मचाऱ्याकडे आहेत आणि बेरजेत नाहीत. गटाने पगार करताना एका कर्मचाऱ्याच्या स्लिपमध्ये त्रुटी येते, बाकीच्या पक्क्या होतात आणि ती एकटी मागे राहते, असं बरेचदा होतं.

उलट बाजूही बघा. रद्द केलेली स्लिप आणि तिच्या बदल्यात केलेली नवी, दोन्ही पक्क्या दिसत असतील तर एकच महिना दोनदा मोजला जातोय.

उपाय: पगार खरोखर दिला गेला असल्याची बँकेच्या यादीवरून खात्री करून ती ड्राफ्ट स्लिप पक्की करा. पक्की करण्याआधी तिच्यावरची रक्कम बँकेतल्या रकमेशी जुळवा. ड्राफ्ट स्लिप मधल्या काळात कोणी उघडून सेव्ह केली असेल, तर ती नव्या दराने मोजली गेलेली असू शकते.

२. वर्ष कुठून सुरू होतं आणि कोणत्या तारखेवर मोजतात

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. पहिली बाजू वर्षाच्या आरंभाची. करवर्ष भारतात १ एप्रिलला, ब्रिटनमध्ये ६ एप्रिलला, अमेरिकेत १ जानेवारीला आणि ऑस्ट्रेलियात १ जुलैला सुरू होतं. कंपनीचं हिशेबाचं वर्ष यापेक्षा वेगळं असू शकतं. पगाराचं वर्ष म्हणून सॉफ्टवेअर या दोन्हींतलं कोणतं धरतंय ते सेटिंगमध्ये बघा. ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये पगाराचा कालखंड वेगळा तयार केला असेल तर वायटीडी त्यावरून निघतो, नसेल तर हिशेबी वर्षावरून. नव्या वर्षाचा कालखंड तयार करायचा राहिला की बेरीज गुपचूप दुसऱ्याच वर्षाच्या चौकटीत होते, आणि त्रुटीचा संदेशही येत नाही.

दुसरी बाजू जास्त फसवी. काम केलेल्या कालखंडावर मोजायचं की पगार दिल्याच्या तारखेवर? वर्षाच्या शेवटच्या महिन्याचा पगार नव्या वर्षात दिला, तर तो कोणत्या वर्षाचा, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. सॉफ्टवेअरची सेटिंग त्या उत्तराशी जुळायला हवी. स्लिप कालखंडावर चालते आणि करविभागाला जाणारा अहवाल पगार दिल्याच्या तारखेवर, अशी जोडी असेल तर दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असूनही कधीच जुळणार नाहीत.

खरी मेख आहे ती २६ ते २५ अशा पगार-महिन्यात. समजा वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि बेरजेची अट अशी आहे: पासून-तारीख वर्षारंभानंतरची, पर्यंत-तारीख वर्षअखेरीच्या आतली. मग २६ मार्च ते २५ एप्रिलची स्लिप गेल्या वर्षात बसत नाही, कारण ती ३१ मार्चच्या पुढे जाते. नव्या वर्षातही बसत नाही, कारण ती १ एप्रिलच्या आधी सुरू होते. ती कोणत्याच वर्षात नसते आणि दर वर्षी अकराच स्लिपा मोजल्या जातात. इथे अट एकाच तारखेवर ठेवणं हाच खरा उपाय. पर्यंत-तारीख किंवा पगार दिल्याची तारीख, जी कायद्याला धरून असेल ती.

आठवड्याला पगार होत असेल तर आणखी एक बघा. ५२ आठवड्यांचे ३६४ दिवसच होतात, त्यामुळे एखाद्या वर्षी पगाराचे ५३ दिवस येतात. पंधरवड्याच्या पगारात तसेच २७ येतात. ५२ किंवा २६ हा आकडा कुठे सूत्रात ठोकून बसवला असेल तर शेवटची स्लिप बाहेर राहते.

३. वेळेचा पट्टा

छोटीशी, पण डोकं खाणारी गोष्ट. तारीख जर वेळेसह साठवली जात असेल आणि सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल, तर भारतातली १ एप्रिलची मध्यरात्र तिथे ३१ मार्च, संध्याकाळचे ६:३० म्हणून नोंदली जाते. स्लिप आदल्या वर्षात जाते. शीटमध्ये काढलेल्या तारखा पडद्यावरच्या तारखांपेक्षा एका दिवसाने मागे असतील तर हेच झालंय असं समजा. स्लिपच्या तारखेला वेळ नको, निव्वळ तारीख हवी. तो बदल सॉफ्टवेअर बसवणाऱ्याकडूनच करून घ्या.

४. पे-हेडचे कोड

एकूण बेरीज बरोबर आणि एकाच हेडची चूक, असं असेल तर थेट इथे या. वायटीडी सहसा हेडच्या नावावरून नाही, कोडवरून जमवला जातो. काही ठिकाणी नावावरूनही. वर्षाच्या मध्ये कोणी कोड बदलला, एका भत्त्याचे दोन भाग केले, किंवा नवी पगाररचना आणताना त्याच भत्त्याला नवा कोड दिला, की जुने महिने जुन्या कोडखाली पडून राहतात आणि नवा कोड शून्यापासून सुरू होतो. दिसायला सारख्या दोन कोडांपैकी एकाच्या शेवटी रिकामी जागा असली तरी संगणकाला ते दोन वेगळे कोडच.

शीटमध्ये त्या कर्मचाऱ्याच्या ओळी कोडनुसार गटात लावा. कोणता कोड मध्येच थांबतो आणि त्याच महिन्यात कोणता नवा उगवतो, हे लगेच दिसतं. जुना कोड बदलून नवा करण्याचा मोह होईल, पण पक्क्या झालेल्या स्लिपांना हात लावू नका. बेरजेच्या नियमात जुना आणि नवा असे दोन्ही कोड धरा आणि नवं वर्ष सुरू होताना एकच ठेवा.

५. एकाच माणसाच्या दोन नोंदी

नोकरी सोडून परत आलेला, शाखा बदललेला, करार नूतनीकरण झालेला कर्मचारी. बेरीज कर्मचारी क्रमांकावर होते की करारावर? करारावर होत असेल तर नव्या कराराच्या महिन्यापासून वायटीडी नव्याने सुरू होतो. मात्र प्रत्येक शून्य चूक नसतं. कर्मचारी एका कायदेशीर कंपनीतून समूहातल्या दुसऱ्या कंपनीत गेला असेल, तर नव्या मालकाच्या स्लिपवर वायटीडी नव्याने सुरू होणं बरेचदा योग्यच असतं. तो ‘दुरुस्त’ करू नका, आधी विचारा.

६. ओपनिंग बॅलन्स

सॉफ्टवेअर वर्षाच्या मध्ये बदललं असेल तर पहिला संशय इथेच घ्या, वरचा क्रम बाजूला ठेवून. तीन प्रकार सापडतात. एक, ओपनिंग, म्हणजे बदलाआधीच्या महिन्यांची बेरीज, भरलंच नाही, म्हणून वायटीडी बदलाच्या महिन्यापासून सुरू होतो. दोन, एकूण पगाराचं ओपनिंग भरलं, पण प्रत्येक हेडचं नाही. कर आणि मालकाचा हिस्सा तर हमखास विसरतात. तीन, ओपनिंगही भरलं आणि नंतर जुन्या स्लिपाही आयात केल्या. त्यामुळे बदलाआधीचे सगळे महिने दुप्पट होतात. या तिसऱ्या प्रकारात फरक ओपनिंगच्या रकमेइतकाच येतो, म्हणून ओळखायला सोपा.

ओपनिंगची तारीखही तपासा. ती वर्षारंभाच्या आधीची पडली तर नोंद असूनही बेरजेत येत नाही. ती चालू वर्षाच्या चौकटीत, पण पहिल्या खऱ्या स्लिपच्या आधी हवी.

७. राउंडिंग

वार्षिक ४,००,००० चा महिना ३३,३३३.३३ होतो. बारा महिन्यांची बेरीज ३,९९,९९९.९६, म्हणजे ०.०४ कमी. पूर्ण एककात राउंड केलं तर ३३,३३३ गुणिले १२ म्हणजे ३,९९,९९६, फरक ४. सॉफ्टवेअर इथे काही चुकत नाही. एक अहवाल राउंड केलेल्या रकमांची बेरीज दाखवतो, दुसरा बेरीज करून मग राउंड करतो, इतकंच. नियम एकच ठेवा: प्रत्यक्ष दिलेल्या, म्हणजे राउंड झालेल्या रकमांचीच बेरीज. बँकेतून गेलंय तेच.

मर्यादाही लक्षात ठेवा. दोन दशांशांपर्यंत राउंड होणाऱ्या एका हेडचा फरक महिन्याला ०.००५ पेक्षा जास्त होऊ शकत नाही, वर्षाला ०.०६. पूर्ण एककात महिन्याला ०.५, वर्षाला ६. यापेक्षा जास्त फरकाला ‘राउंडिंग असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

८. सूत्र आणि साठवलेला आकडा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच सूत्र उघडा, आणि तेही चाचणीच्या प्रतीवर. तीन प्रश्न विचारायचे.

चालू स्लिप बेरजेत आहे का? फक्त पक्क्या स्लिपा मोजणारं सूत्र ड्राफ्टमधली चालू स्लिप धरत नाही, म्हणून वायटीडी मागच्या महिन्याइतकाच राहतो. त्यावर कोणी चालू रक्कम वेगळी मिळवायला सांगतं. मग स्लिप पक्की झाल्यावर पुन्हा गणना झाली की तीच रक्कम दोनदा येते. उपाय असा: चालू स्लिप तिच्या क्रमांकावरून बेरजेतून वगळायची आणि मग तिची रक्कम एकदाच मिळवायची.

बेरजेची शेवटची तारीख दिली आहे का? ओडू या सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या स्लिपांची बेरीज करणाऱ्या फंक्शनला शेवटची तारीख दिली नाही, तर ते आजची तारीख धरतं. जुन्या स्लिपची गणना आज पुन्हा केली की तिच्यात नंतरचे महिनेही मोजले जातात. सूत्रात नेहमी त्या स्लिपचीच पर्यंत-तारीख द्या.

आकडा साठवलेला आहे की दर वेळी मोजला जातो? साठवलेला असेल आणि तुम्ही मधला महिना दुरुस्त केला, तर पुढच्या सगळ्या स्लिपांवर जुनाच वायटीडी राहतो. जूनची दुरुस्ती केली तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर याच क्रमाने पुढे जावं लागतं. उलट क्रमाने केलं तर ऑगस्टला जुलैचा जुना आकडा मिळतो. बंद झालेल्या महिन्याची दुरुस्ती चालू महिन्यात वेगळी ओळ टाकून करावी ती यासाठीच. मागच्या स्लिपा शाबूत राहतात आणि वायटीडी आपोआप बरोबर होतो.

हे करू नका

फरकाइतकी जुळवणीची नोंद टाकून विषय मिटवणं. ज्या कपातीला वार्षिक कमाल मर्यादा आहे, ती वायटीडी बघूनच थांबते. कारण न शोधता आकडा वर केला तर कपात वेळेआधी बंद पडते, खाली केला तर मर्यादा ओलांडून चालू राहते. साचत जाणाऱ्या पद्धतीने, म्हणजे वर्षातल्या आतापर्यंतच्या एकूण कमाईवर काढलेल्या कराचंही तसंच. छापलेल्या रकान्यातली चूक अशाने खऱ्या पैशांची होते.

डेटाबेसमध्ये थेट शिरून आकडा बदलणंही नको. स्लिप, लेजर आणि बदलांची नोंद हे तिन्ही एकमेकांना बांधलेले असतात. एकच बदलला की लेखापरीक्षणात उत्तर देता येत नाही.

इथे थांबा

चूक असलेल्या कालखंडाचं विवरणपत्र करविभागाकडे गेलं असेल, किंवा कर्मचाऱ्याला वार्षिक प्रमाणपत्र दिलं असेल, तर पुढचं पाऊल पगाराच्या करसल्लागाराचं. काय सुधारित भरायचं आणि कुठल्या वर्षात दाखवायचं हा निर्णय सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा नसतो. चुकीच्या वायटीडीमुळे कपात जास्त किंवा कमी झाली असेल तेव्हाही तसंच.

फरक अनेक कर्मचाऱ्यांत आहे पण प्रत्येकाचा वेगळा आणि वरच्या कोणत्याच नमुन्यात बसत नाही, किंवा सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलल्यावर लगेच सुरू झाला, तर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या तज्ज्ञाला बोलवा. तारखेची अट, साठवलेले रकाने, वेळेचा पट्टा यांतले बदलही त्याचेच.

त्याला देताना ‘वायटीडी चुकतोय’ एवढंच सांगू नका. एका कर्मचाऱ्याचा क्रमांक, एका हेडचा कोड, स्लिपवरचा आकडा, हाताने आलेला आकडा, फरक पहिल्यांदा दिसलेला महिना, त्या महिन्यात झालेले बदल आणि सुरुवातीला काढलेली शीट द्या. नावं आणि बँक खाते क्रमांक मात्र शीटमधून आधी काढून टाका.